बिबट्या, रानडुक्कर आणि पॉइंट टूटूचे रिव्हॉल्व्हर

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेड भागात, बिबट्याने माणसे मारली. त्यात लहान मुले होती. लोक रस्त्यावर उतरले, महामार्ग अडवला गेला आणि अखेर वनखात्याला नेमबाज आणून नरभक्षक बिबट्या मारावा लागला. शेतात जाताना बायामाणसांनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातल्याची छायाचित्रे सगळ्यांनी पाहिली. तेव्हापासून शिवारफेरीला गेले की खताच्या आणि बियाण्याच्या आधी बंदुकीचा विषय निघतो. आमचे खाते बंदुकीचे नाही, पण बांधावर उभा राहून माणूस प्रश्न विचारतो तेव्हा ‘हे माझ्या खात्यात येत नाही’ असे म्हणता येत नाही.

गेल्या हंगामात एका मक्याच्या शेतकऱ्याने मला असेच गाठले. तीन एकरांत रानडुकरांनी रात्रीत रोटाव्हेटर फिरवल्यासारखी दशा केली होती. त्याच्या मुलाने मोबाईलवर परदेशातला एक व्हिडिओ दाखवला. एक गडी कमरेला छोटेसे रिव्हॉल्व्हर लावून रानात हिंडतोय, डब्यावर नेम धरतोय. पोरगा म्हणाला, “साहेब, हे पॉइंट टूटूचं आहे. हलकं, धक्का नाही, गोळी स्वस्त. रात्री मोटर चालू करायला जाताना खिशात राहील. आपल्याकडं परवाना निघतो का?”

प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर जरा सविस्तर देतो. हत्यार घेताना त्याच्या किमतीपेक्षा आधी हे विचारायचे की काम कोणते आहे. आपण ट्रॅक्टर घेताना तेच करतो. तीस अश्वशक्तीचा हवा की पन्नासचा हे जमीन आणि अवजार ठरवते, शोरूमचा रंग ठरवत नाही.

आधी पॉइंट टूटू म्हणजे काय ते पाहू. ०.२२ हा नळीच्या व्यासाचा आकडा, इंचात. म्हणजे साडेपाच मिलिमीटरच्या आसपास, आपल्या ज्वारीच्या टपोऱ्या दाण्यापेक्षा थोडी मोठी गोळी. हिचे काडतूस ‘रिमफायर’ जातीचे असते. मोठ्या काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी टोपी असते आणि घोडा त्या टोपीवर आपटतो. रिमफायरमध्ये वेगळी टोपी नाही. पेट घेणारा मसाला काडतुसाच्या बुडाच्या काठात आतून भरलेला असतो आणि घोडा काठावर कुठेही आपटला की बार होतो. काठ चेपला गेला पाहिजे म्हणून तिथला पत्रा पातळ ठेवावा लागतो, आणि पत्रा पातळ म्हणून आतला दाब बेताचाच ठेवावा लागतो. या जातीची ताकद कमी का, ते यातच आले. ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीने १८५७ मध्ये पहिले असे रिव्हॉल्व्हर काढले आणि आजचे ‘लाँग रायफल’ काडतूस १८८७ चे.

कॉलेजात एनसीसीत असताना आम्ही पॉइंट टूटूची रायफल चालवली आहे. पंचवीस मीटरवर कागद, मागे मातीचा उंच बांध, कडेला लाल निशाण, आणि उस्ताद सांगेपर्यंत कोणी हात हलवायचा नाही. खांद्याला धक्का जवळजवळ नाही, आवाज बेताचा, नेम पटकन बसतो. शिकायला यासारखे हत्यार नाही, आणि नेमबाजीच्या खेळात ते आजही आहे. पण तो कागद होता. कागद उलटून अंगावर येत नाही.

रानडुक्कर येतो. पुरता वाढलेला नर क्विंटलभर वजनाचा, मानेखांद्यावर ढालीसारखी जाड कातडी, त्यावर चिखलाचा थर. पॉइंट टूटूची नेहमीची गोळी अडीच ग्रॅमहून थोडी जास्त. रायफलच्या लांब नळीतून ती साधारण एकशे नव्वद ज्यूल ताकदीने निघते. रिव्हॉल्व्हरच्या दोन-चार इंची नळीतून शंभर-सव्वाशेच्या आसपास. बारा बोअरचे जाड छऱ्याचे काडतूस दोन हजारांच्या पुढे जाते. बैलाच्या कामाला कोंबडा जुंपावा तसा हा प्रकार आहे. डुक्कर मरणार नाही, जखमी होईल. जखमी डुक्कर उसात शिरेल, आणि सकाळी ऊस तोडायला गेलेल्या बाईवर जाईल. बिबट्याचे तर बोलायलाच नको. अंधारात, एका हातात बॅटरी, समोर दहा पावलांवर झेप घेणारे जनावर, आणि तुम्ही वर्षातून दोनदा हत्यार हाताळलेले. त्या क्षणी खिशातले रिव्हॉल्व्हर बाहेर निघणार कधी आणि नेम लागणार कधी?

मग लोक म्हणतात, निदान आवाजाने तर पळेल. पळेल, पण त्या कामाला बारा बोअरचा बार घुमतो तसा हा घुमत नाही. आणि नुसत्या आवाजाला डुकरे चार-आठ दिवसांत सरावतात, हे फटाके लावून बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

परदेशात हे हत्यार रानात का चालते, त्याचेही कारण आहे. अमेरिकेत ससा, खार अशा लहान जनावरांची शिकार हंगामात कायदेशीर असते. सापळा लावणारे, मासेमारीला जाणारे लोक त्यासाठी आणि नेमाच्या हौसेसाठी छोटे रिव्हॉल्व्हर बाळगतात. रूगर कंपनीचे ‘सिंगल सिक्स’ १९५३ पासून अशाच कामाला खपत आले. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. ससाही मारायचा नाही आणि सापही मारायचा नाही. म्हणजे व्हिडिओतल्या गड्याचे जे काम, ते आपल्याकडे कामच नाही. शिवाय परदेशी रिव्हॉल्व्हरची सर्वसाधारण आयात १९८० च्या दशकापासून बंद असल्याने ते हत्यार नव्याने इथे मिळणारही नाही.

आता कायद्याचे बोलू. तलाठी, पोलीस पाटील आणि सरपंच मंडळींनी हा भाग जरा सावकाश वाचावा. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमात पीक संरक्षणाचा उल्लेख थेट आहे. पीक राखण्यासाठी खरोखरच गरज असेल तर ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा असे ते कलम सांगते. ठासणीच्या बंदुकीने भागत नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री झाली, तर आतून गुळगुळीत आणि निदान वीस इंच लांबीच्या नळीची दुसरी बंदूक देता येते. आपली बारा बोअर यात बसते. पॉइंट टूटूचा उल्लेखही त्याच कलमात आहे, पण तो रायफलीचा आहे आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदाला निशाणाच्या सरावासाठी. रिव्हॉल्व्हर पीक संरक्षणात कुठेच येत नाही. ते मागायचे तर ‘योग्य कारण’ दाखवावे लागते. म्हणजे जिवाला धोका आहे, आणि तो इतरांपेक्षा वेगळा आहे, असे. ‘डुकरे मका खातात’ या कारणावर रिव्हॉल्व्हरचा अर्ज केला की तो परत येतो, आणि माणूस म्हणतो, सरकार शेतकऱ्याला हत्यार देत नाही. अहो, मागितले चुकीचे!

दुसरा घोळ याहून मोठा. जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा परवाना बंदूक बाळगण्याचा असतो. जनावर मारण्याची परवानगी वेगळी असते आणि ती वनखाते देते. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून रानडुक्कर आणि रोही म्हणजे नीलगाय दोन्ही अनुसूची दोनमध्ये आहेत. उभ्या पिकाला धोका असेल तर कायद्याच्या ११ व्या कलमाखाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे लिहून मारण्याची परवानगी देऊ शकतो. ती लेखी हातात नसताना डुक्कर मारले तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि बंदूक जप्त. बिबट्या अनुसूची एकमध्ये, तिथे शिक्षा याहून कडक. जनावर अंगावर आले आणि जीव वाचवताना मेले तर तो गुन्हा होत नाही, हेही त्याच कलमात आहे. अट एवढीच की त्या वेळी माणूस स्वतः हा कायदा मोडत नसावा. शिकारीला बसलेल्याने ‘अंगावर आला म्हणून मारला’ म्हणायची सोय नाही. आणि मेलेले जनावर सरकारचे. त्याचे वाटे घालायचे नसतात.

इतर राज्यांकडे पाहिले तर केरळने २०२२ मध्ये स्थानिक संस्थांच्या प्रमुखांना मानद वन्यजीव रक्षकाचा दर्जा देऊन, पिकात आलेले रानडुक्कर मारण्याचा आदेश काढण्याचे अधिकार दिले. आदेशाची अंमलबजावणी परवानाधारक बंदूकवाले करतात. आपल्याकडच्या सरपंचांनी अशी मागणी करावी की नाही हा चर्चेचा विषय आहे. माझे मत विचाराल तर, अधिकारासोबत गावातली भांडणेही सरपंचाच्या दारात येतील. कोणाच्या शेतात आधी, कोणाच्या नंतर. पण अर्ज तालुक्याला फिरत राहण्यापेक्षा निर्णय जवळ झालेला बरा, हेही खरे.

हे सगळे ऐकूनही काही जणांना रिव्हॉल्व्हरच हवे असते, आणि काहींचे कारण खरेच योग्य असते. रोख रक्कम घेऊन आडरस्त्याने जाणारा अडत्या किंवा धमकी आलेला माणूस, अशांचे. त्यांनी पॉइंट टूटू निवडायचेच म्हटले तर काय पाहावे? देशी बनावटीत ईशापूरच्या रायफल फॅक्टरीचे ‘निडर’ आहे, वजन पाव किलोच्या आसपास. कानपूरचे २०१४ मध्ये आलेले ‘निर्भीक’ हे ०.३२ चे, त्याचे वजन अर्धा किलो. हलके हत्यार खिशात बरे, पण नळी आखूड असेल तर नेमाच्या दोन खुणांमधले अंतर कमी पडते आणि दहा मीटरवरही गोळी वीतभर भरकटते. उघड्यावर वापरायचे असेल तर चार इंचांची नळी आणि ठळक खुणा हव्यात. पॉइंट टूटूला धक्का नसतोच, म्हणून इथे वजनाला घाबरायचे कारण नाही.

चाप ओढून पाहावा. रिमफायरचा काठ चेपायला घोड्याला जोर लागतो, त्यामुळे याचा चाप बऱ्याचदा जड असतो. घरातल्या ज्या माणसाच्या नावावर परवाना आहे त्याच्या बोटाने तो सहज ओढला गेला पाहिजे. मात्र काडतूस नसताना चाप सारखा ओढू नये. घोडा थेट खणाच्या कडेवर आपटतो आणि जुन्या हत्यारात ती कड कायमची ठेचली जाते. घोड्यावर काही आपटले किंवा हत्यार खाली पडले तर बार होऊ नये अशी आतली अडसर आहे की नाही, ते विक्रेत्याला विचारावे. जुन्या पद्धतीचे असेल तर घोड्याखालचा खण रिकामा ठेवावा.

रिमफायर काडतूस सेंटरफायरपेक्षा जास्त वेळा दगा देते, कारण मसाला काठात सगळीकडे सारखा बसलेला नसतो. रिव्हॉल्व्हरचा फायदा असा की पुन्हा चाप ओढला की पुढचा खण येतो. पण सरावाच्या वेळी बार झाला नाही तर नळी सुरक्षित बाजूला धरून अर्धा मिनिट थांबावे. उशिरा पेटलेले काडतूस हातात फुटलेले वाईट. दुसरा हात पुढे सरकवून नळीला धरू नये. खणांची गोल फिरकी आणि नळी यांच्या मधल्या फटीतून गरम वायू आणि शिशाचे कण बाजूला उडतात. पावसाळ्यात हत्यार चामड्याच्या म्यानात ठेवून देऊ नये. चामडे ओल धरते आणि आठवड्यात गंज येतो. पुसून, हलका तेलाचा हात फिरवून, कोरड्या फडक्यात ठेवावे.

एक गोष्ट मात्र हत्यार कोणतेही असो, शेतात पक्की ध्यानात ठेवावी. पॉइंट टूटूच्या खोक्यांवर धोक्याचे अंतर दीड मैल छापलेले असते, म्हणजे जवळजवळ २ किलोमीटर ४०० मीटर. रिव्हॉल्व्हरमधून काहीसे कमी जाईल, पण किलोमीटरभर नक्की. बारीक गोळी म्हणून ती जवळच पडते हा समज खोटा आहे. शिवाय ही शिशाची गोळी दगडाला आणि पाण्यालाही ठेचकाळून भलतीकडे जाते. आपल्या शिवारात दीड मैलात किती वस्त्या असतात ते मोजा. एनसीसीत आमच्यामागे मातीचा बांध होता. मक्याच्या रानामागे शेजाऱ्याची झोपडी असते.

परवान्याची कागदपत्रे मी इथे देत बसत नाही, ती तहसील आणि पोलीस ठाण्यात समजतात. एवढेच की २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे हत्यार सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो, आणि हत्यार घरी कुलपात ठेवण्याची जबाबदारी लिहून द्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत पाच वर्षे झाली आणि एका माणसाला दोनपेक्षा जास्त हत्यारे ठेवता येत नाहीत. निवडणूक आली की पुष्कळदा हत्यार ठाण्यात जमा करावे लागते, मग डुकरांचा हंगाम असो वा नसो.

कुलपाचे मी जरा जोर देऊन सांगतो. आम्ही फवारणीच्या सभेत औषधाची बाटली कुलपात ठेवा म्हणून घसा कोरडा करतो, ते केवळ लहान मुलांसाठी नाही. कर्जाचा ताण, दारू, बांधावरून भावकीचा वाद, यातले काहीही घरात असेल तर त्या घरात भरलेले हत्यार आणू नये. रानडुक्कर वर्षातून दोन महिने येते. हत्यार बारा महिने घरात असते, आणि रागाची किंवा निराशेची रात्र सांगून येत नाही. पोलीस पाटलांनी अर्जावर अभिप्राय देताना हे बघावे. ओळखीच्या माणसाला नाही म्हणायला अवघड जाते, हे मान्य.

मग शेतकऱ्याने करायचे काय? रात्री रानात जावे का लागते, तर वीज रात्री असते. शेतीपंपाच्या फीडरला चक्राकार पद्धतीने काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री वीज मिळते. बिबट्याचे संकट निम्मे तिथेच आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ची, तिचा दुसरा टप्पा २०२३ चा. ज्या फीडरवर सौर प्रकल्प चालू झाला तिथे दिवसा पाणी देता येते. आपल्या फीडरचे काय झाले हे ग्रामसभेत विचारा. ठराव नंबरासह लेखी पाठवा, तोंडी नको.

पिकासाठी सौर कुंपण, म्हणजे ज्याला आपण झटका मशीन म्हणतो, ते डुकराला खरे उत्तर आहे. खालची तार जमिनीपासून वीतभर उंचीवर हवी, नाहीतर डुक्कर खालून शिरते, आणि तारेला गवत टेकले की झटका जमिनीत जातो. दर आठवड्याला तारेखालचे तण काढावेच लागते. मात्र लाईनचा करंट थेट तारेत सोडणारे लोक आहेत. त्यात माणसे आणि बैलही मरतात, आणि तो थेट मनुष्यवधाचा गुन्हा होतो. हे करणारा कोणी माहीत असेल तर गावाने गप्प बसू नये.

विम्याचे एक नवे आहे. वन्य प्राण्यांनी केलेले पिकाचे नुकसान पंतप्रधान पीक विमा योजनेत स्थानिक आपत्तीच्या गटात जोडीचे संरक्षण म्हणून घेण्याचा निर्णय केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला, खरीप २०२६ पासून. कोणते प्राणी आणि कोणते जिल्हे किंवा विमा घटक, ते राज्याने ठरवायचे आहे. नुकसान झाल्यापासून ७२ तासांत विम्याच्या ॲपवर ठिकाणासह फोटो टाकून कळवावे लागते. म्हणून सकाळी रान पाहिले की आधी फोटो काढावा, मग शिव्या द्याव्यात. वनखात्याच्या भरपाईसाठी पंचनामा लागतो तो वेगळा. आणि हेच पंचनामे दोन-तीन वर्षांचे जमवून ठेवले तर पुढे ठासणीच्या किंवा बारा बोअरच्या परवान्याच्या अर्जाला, किंवा डुक्कर मारण्याच्या परवानगीला, पुरावा म्हणून जोडता येतात. नुसत्या ‘फार त्रास आहे’ या वाक्याला कोणताही अधिकारी सही करत नाही.

त्या मक्याच्या शेतकऱ्याला मी हे सगळे बांधावर बसून सांगितले. मुलाचे तोंड उतरले. बापाने विचारले, “मग वडिलांची ठासणीची होती, ती त्यांच्यामागं ठाण्यात जमा केली, तिचं काय?” वारसाने रीतसर अर्ज केला तर परवान्याचा विचार होऊ शकतो, पावती शोधा, असे मी म्हणालो. पावती सापडली. अर्ज गेला आहे. दरम्यान त्याने तीन एकराला झटका मशीन बसवले, आणि यंदा मका पुष्कळसा घरी आला. वीज मात्र अजून आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच आहे, आणि त्या दिवशी बाप-लेक दोघे मिळून, हातात काठी आणि बॅटरी घेऊन, मोठ्याने बोलत मोटरीवर जातात.